पुंडलिकच्या जीपचा राडा

बाबांची जीप मी कापली त्या दिवशी ते जेवले नाहीत. आईने ताट वाढलं तर उठून पडवीत जाऊन बसले, आणि आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी जीप नाही, घरातलं माणूसच कापलंय. आता बोला! कितीतरी पावसाळे ती जीप अंगणात उभी होती. पासिंग संपलेलं, कागद संपलेले, मागच्या बाकड्यावर कोंबडी अंडी घालायची. तेव्हा कुणाचा घास अडला नाही. मी ग्राइंडर लावला तेव्हा बरा अडला.

मी नम्रता. पेणला रामवाडीत सुलेमानचाचांचं गॅरेज आहे, तिथे काम करते. आयटीआय केलंय, मोटर मेकॅनिकचं. तरी गिऱ्हाईक येतं आणि मलाच विचारतं, "मेकॅनिक कुठं गेला?" मग मी हातातला पान्हा दाखवते, आणि तो नुसता दाखवायला धरलेला नाही हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळतं. माझा राग वाईट आहे. आई म्हणते, बापावर गेलीय.

बाप म्हणजे पुंडलिक. पेण-रोहा रस्त्यावर त्यांनी उभं आयुष्य हीच पॅसेंजर जीप मारली. गाडी गच्च भरलेली, मागे माणसं लोंबकळतायत, आणि बाबा खिडकीतून मान काढून ओरडायचे, "सरका जरा, अजून एक बसतोय!" नागोठण्याला पाटी घेऊन कुणी म्हातारी उभी दिसली की तिला स्वतःच्या सीटवर बसवायचे आणि हे अर्धे दाराबाहेर लटकत गाडी हाकायचे. पुंडलिकने कुणाला रस्त्यात सोडलं, असं रोह्यापर्यंत कुणी म्हणायचं नाही. बाबांच्या लेखी गाडी चांगली म्हणजे काय? जिच्यात अजून एक बसतो ती.

आणि माझ्या डोक्यात भरलं होतं बरोबर उलटं. ते भरवलं सुलेमानचाचांनी.

चाचांनी निम्मी उमर कुवेतला एका गॅरेजात काढली. तिथला फोरमन एक अमेरिकन म्हातारा होता. दुपारी काम थंडावलं की तो आपल्या बापाच्या जमान्याच्या गोष्टी सांगायचा, आणि त्याच गोष्टी चाचा मला चहाबरोबर सांगायचे.

"त्या कॅलिफोर्नियातली पोरं, बेटा," चाचा म्हणायचे, "नवी गाडी घ्यायची ऐपत नाय, पण नाद केवढा! मग काय करायची? जुनी फोर्ड ओढून आणायची, उघडी, दोन सीटची. मडगार्ड फेक. टप फेक. बंपर फेक. पळायला जे लागत नाय ते सगळं फेक. मग दुसऱ्या मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन उचलून हिच्यात बसव. झाली गाडी! लढाईवरनं परत आलेले शिपाई तर वेडे झाले होते वेडे. हॉट रॉड म्हणायचे त्याला."

"आणि पळवायचे कुठे? रस्त्यावर?"

"रस्त्यावर पोलीस. तिकडं मोठमोठे तलाव सुकून सपाट झालेले. काही ठिकाणी तर नुसती मिठाची जमीन. पांढरी, लांबच्या लांब. तिच्यावर सोडायचे."

मिठाची जमीन! अहो, आगरी घरातल्या पोरीला मिठाच्या जमिनीचं कौतुक सांगताय? आमच्या घराण्याचे पाय पिढ्यान्पिढ्या मिठात भाजले. इंदुआत्याचं मिठागर खाडीला लागून बंद पडलेलं आहे, उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. मी चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच. त्या दिवसापासून मला अंगणातल्या जीपमध्ये जीप दिसेना.

पण ती द्यायचा शब्द बाबांनी आधीच देऊन टाकला होता. रोह्याचा पोपटशेठ, भंगारवाला, एके काळचा त्यांचा रोजचा पॅसेंजर. "पावसाच्या आत घेऊन जा," असं बाबांनी त्याला सांगून टाकलं होतं, आणि बाबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

"मला द्या ती," मी म्हणाले.

"तुला कशाला?"

"पळवायला."

"पासिंग नाय, कागद नाय. कुठं पळवणार, माझ्या टकलावर?"

"मिठागरात."

बाबा हसले. मला तेच झोंबलं. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, पण हसले. मग म्हणाले, "भंगारच हाय. पोपट येईपर्यंत काय खेळायचं ते खेळ."

खेळ! आजवर मी लोकांच्या गाड्यांची पंक्चरं काढली, सायलेन्सर बांधले, दुसऱ्याने बिघडवलेलं नीट केलं. मी स्वतः केलेली, माझ्या डोक्यातून निघालेली एकही गोष्ट या जगात नव्हती. मला ती पाहिजे होती. भूक लागते तशी पाहिजे होती. म्हणून मी कापली. टप, कॅरिअर, दरवाजे, मडगार्ड, मागची बाकडी. बाकडी काढताना मात्र बाबा पडवीतून ओरडले, "अगो, ती नको! माणसं कुठं बसणार?"

"माणसं बसणारच नाहीत, बाबा."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ग्राइंडर थांबवला नाही.

इंजिन आणायला मी रोह्याला गेले, त्याच पोपटशेठकडे. त्याच्या आवारात एक ठोकलेली पेट्रोल गाडी पडली होती. तोंड चेपलेलं, पण इंजिन धडधाकट, आणि आमच्या जुन्या डिझेल धुडापेक्षा वजनाला किती हलकं! मी त्याच्या टेम्पोचा क्लच बसवून दिला आणि बदल्यात इंजिन मागितलं. पोपटशेठ तंबाखू मळत हसला.

"घेऊन जा, घेऊन जा. तुझ्या जीपमध्ये बसव, रंगरंगोटी कर. शेवटी यायचंय माझ्याकडंच! माझं इंजिन पेणला फिरून येईल, हवापालट होईल त्याची."

दात ओठ खात इंजिन घेऊन आले. त्याची आणि जीपच्या गिअरबॉक्सची भोकं जुळेनात. लेथवर मध्ये बसवायची प्लेट करून घेतली, ती चुकली, पुन्हा केली. सीट काढून खाली, अगदी तळाला बसवली. चाचा टॉर्च धरून म्हणायचे, "अजून काय फेकायचं राहिलंय, ते बघ." पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हा आळीतली कुत्री पळाली आणि आई हातात उलथणं घेऊन बाहेर आली.

"हॉट रॉड" हे आईच्या जिभेवर कधी बसलंच नाही. "तुझा तो हाट राडा अंगणातनं हलव," म्हणाली. झालं! आळीने नाव उचललं. राडा. पोरं विचारायची, "ताय, राडा कवा निघणार?" आमच्याकडे राडा म्हणजे भांडणही आणि चिखलही. नाव ठेवणाऱ्यांना दोन्ही दिसलं असावं.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. आईची बहीण, सरूमावशी, हमरापूरची. त्यांचा गणपतींचा कारखाना. भर सीझनमध्ये वेळ काढून ती गाडी बघायला आली, आणि मागून बघून तिने नाक मुरडलं.

"अगो, पाठ उघडी ठेवतात व्हय कुणाची? आमचा गणपती भिंतीला टेकून बसतो, तरी पाठ आम्ही घडवतो नि रंगवतोसुद्धा!"

चाचांच्या मोबाईलवर तिने जुन्या गाड्यांचे फोटो बघितले. मागे निमुळती होत गेलेली, होडीसारखी शेपटी. "एवढंच ना?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टरच्या गोणी आणि काथ्या घेऊन हजर. मोठ्या मूर्तीला करतात तसंच. काथ्या प्लास्टरमध्ये भिजवून थरावर थर. घासून घासून अशी गुळगुळीत केली की हात फिरवावासा वाटे. त्यावर मोत्याचा रंग, आणि कडेने हाताने ओढलेली एकच लाल रेघ. टेप नाही, फूटपट्टी नाही, श्वास रोखून एका दमात.

चाचा तोंड पाडून उभे. "बेटा, वजन किती झालं? नाकापेक्षा मोती जड."

मला कळत होतं. मेकॅनिक आहे मी, मला कळणार नाही? पण इतकी देखणी दिसत होती गाडी! मी चाचांवरच डाफरले, "राहू द्या हो जरा! सगळंच काय फेकायचं?" चाचांचं जे 'लागत नाय ते फेक' मी अख्ख्या आळीला ऐकवत होते, ते मीच विसरले.

मे संपत आला. पोपटशेठचा फोन आला की टेम्पो घेऊन येतो. बाबा आणि मी समोरासमोर आलो. मी म्हणाले, "गाडी देणार नाही." ते म्हणाले, "शब्द दिलाय." मी म्हणाले, "तुम्ही भंगाराचा शब्द दिलाय. हे भंगार नाही."

"कुणी ठरवायचं?"

"पळाली तर ठरलं."

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "बांधापासनं निघायचं. उघडीपर्यंत, त्या खाडीच्या दरवाज्यापर्यंत जायचं, वळायचं, परत बांधाला यायचं. मधी थांबली, तर तिथनंच पोपटच्या टेम्पोत. नाय थांबली, तर मी पोपटला सांगेन, बाबा रे, माझा शब्द मागं घेतो. आजवर कुणाला सांगितलं नाय ते."

"कबूल."

"नि मी बाजूला बसणार."

"तुम्ही कशाला? वजन..."

"माझी जीप हाय! मला उतरवणार व्हय तू माझ्या गाडीतनं?"

दोन सीट होत्या. बाबा अंगाने चांगले भरलेले. पण बापाला गाडीतून खाली उतर कोण म्हणेल?

रस्त्यावर चालवायची सोय नव्हती, म्हणून राडा मिठागरात गेली ती पोपटशेठच्याच टेम्पोतून. बांधावर उतरवल्यावर त्याचा माणूस फळी काढायला लागला तर पोपटशेठ म्हणाला, "राहू दे तशीच. परत चढवायचीच हाय." पान्हा जवळ नव्हता हे त्याचं नशीब.

सकाळचं ऊन. समोर मिठागर पांढरंशुभ्र, आणि पार तिकडे खाडीचं पाणी आत घ्यायचा जुना लाकडी दरवाजा, तीच उघडी. जमीन मी आधी चालून बघितली होती, टणक होती. पण मधल्या काळात अमावस्येचं उधाण येऊन गेलं आणि जुन्या बांधातून पाणी झिरपलं, ते वरून दिसलं नाही. बाबा स्वच्छ पांढरा शर्ट घालून आले होते, पॅसेंजरला निघाल्यासारखे. चाचा बोनटला हात लावून काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले.

मी क्लच सोडला.

आईशप्पथ सांगते, तसं काही मी आयुष्यात अनुभवलं नाही. काच नाही, टप नाही, नुसता वारा आणि इंजिनाची आरोळी. मिठाचा चुरा मागे उडतोय, जमीन सीटखालून सरकतेय. बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. मी तिरक्या डोळ्याने बघितलं तर ते घाबरलेले नव्हते. तोंड उघडं होतं आणि दात दिसत होते. "अगो पळतेय!" ओरडले. "अगो कशी पळतेय!" उघडीपाशी मी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, मागची चाकं घसरली, मोत्याची शेपटी झोकांडी खाऊन सरळ झाली. वळलो! आता फक्त परत यायचं. बांधावरची माणसं दिसत होती.

आणि निम्म्या वाटेत जमिनीने दगा दिला. वरून पांढरी, आतून लोणी. मागचं टोक बसलं, चाकं काळा चिखल फेकायला लागली आणि वेग पटकन उतरला. मी गिअर खाली घेतला. गाडी चालत होती, पण दमेकऱ्यासारखी.

"शेपटी!" मी ओरडले. "बाबा, मागे लाथ मारा, तोडा ती!"

"सरूनं केलंय ते! एवढी सुंदर..."

"मारा!"

बाबा सीटवर उलटे वळले आणि लाथा घालायला लागले. प्लास्टर तडकलं, पण काथ्या सुटेना, हमरापूरचं काम ते! बाबांनी खालचा जॅक उचलला आणि त्याने घाव घातले. सरूमावशीची लाल रेघ मधोमध तुटली आणि अख्खी शेपटी चिखलात गेली. मला रडू आलं आणि त्याच क्षणी गाडी उचलली. "जॅकसुद्धा फेका! टूलबॉक्स फेका!" बाबांनी फेकलं. जन्मभर माणसं कोंबणारा माझा बाप दोन्ही हातांनी फेकत सुटला होता.

थोडं पुढे गेलो. बांध जवळ आला. पण चिखल अजून मऊ झाला आणि गाडी पुन्हा बसायला लागली. मुंगीच्या चालीने चालली होती. माणूस शेजारून चालत पुढे गेला असता. मी पाय दाबून धरला होता आणि मनात मोजत होते, आता काय उरलंय फेकायला? काही नाही. काहीच नाही.

म्हणजे होतं. पण ते मी तोंडाने म्हणणार नव्हते. जाऊ दे गाडी, न्या टेम्पोत, मी ते म्हणणार नव्हते. जीप त्यांची, मीच कापली, आणि आता त्यांनाच त्यातून उतरवू?

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग समोरच्या बांधाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या तोंडावर त्यांनी काय वाचलं कोण जाणे.

"गो," म्हणाले, "पाय उचलू नको. काय वाट्टेल ते होऊ दे, पाय उचलू नको."

आणि चालत्या गाडीतून उडी मारली.

मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय उचलला गेला असता. गाडीने एकदम मान वर काढली, चाकांना खाली काहीतरी घट्ट सापडलं, आणि राडा सुसाट बांधावर चढली ती चाचांच्या पुढ्यात जाऊनच मी बंद केली. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते माहीत नाही.

पोपटशेठ दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. "थांबली होती," म्हणाला. "तिकडं चिखलात थांबली. मी बघितलं."

"नाही थांबली!"

"पुंडलिकनं उडी मारली तेव्हा थांबली होती. थांबल्याबिगर कोण उतरतो?"

चाचा मध्ये पडले. "दूरनं आपल्याला काय दिसणार, शेठ? जो गाडीत होता त्यालाच विचारा. तो बोलेल ते खरं. तुमचा नि त्याचा शब्द हाय."

बरोबर होतं ते. आम्ही तिघंही वळलो. मधोमध चिखलात बाबा मांड्यांपर्यंत रुतून उभे होते. पांढरा शर्ट काळा झालेला, हातात तुटलेल्या शेपटीचा एक तुकडा, मोत्याच्या रंगाचा. पोपटशेठने तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "पुंडलिऽऽक! खरं सांग! गाडी थांबली का नाय?"

माझा बाप आयुष्यात खोटं बोललेला नाही.

बाबांनी एक पाय ओढून बघितला. निघेना. दुसरा ओढून बघितला. तोही निघेना. मग छाती भरून ओरडले, नागोठण्याच्या स्टँडवर ओरडायचे तसे:

"गाडी नाय थांबली रे, पोपट! मी थांबलो! टेम्पो रिकामा न्यायला लाज वाटत असंल, तर ये, मला घेऊन जा!"